सेटिंगची फाइल कोण उघडणार? जेसन, यामल, आयएनआय आणि टॉमल
आंबा बागायतदारांसाठी बिले आणि गाड्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिताना पेटीतले डझन, पेटीमागची हमाली, वाशीची दलाली आणि गाडी सुटण्याची वेळ कोडमध्येच घालून ठेवली, तर ऐन एप्रिलात हमाली दोन रुपयांनी वाढली तरी प्रोग्रामरला फोन जातो. या गोष्टी बाहेरच्या फाइलमध्ये काढाव्यात याबद्दल वाद नाही. ती फाइल कोणत्या स्वरूपाची असावी हे मात्र ती कोण उघडणार यावर ठरते, आणि रत्नागिरीकडच्या पॅकिंग शेडमध्ये ती उघडतो तो कारकून, नोटपॅडमध्ये, बाहेर ट्रक भरून उभा असताना.

अशा फाइलसाठी चार स्वरूपे प्रचलित आहेत: जेसन (JSON), यामल (YAML), आयएनआय (INI) आणि टॉमल (TOML). जेसन जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत वाचता येते. पण त्यात टीप लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे ‘नवी हमाली २० एप्रिलपासून’ एवढी नोंदही दराशेजारी करता येत नाही आणि शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला की फाइल वाचलीच जात नाही. सेटिंग स्क्रीनवरून बदलून प्रोग्रामनेच लिहायची असेल, तर जेसन उत्तम.

यामल दिसायला सर्वांत सोपे आहे आणि तिथेच माणूस फसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सर्रास वापरली जाणारी पायवायएएमएल (PyYAML) ही लायब्ररी, म्हणजे यामल वाचणारा तयार कोड, अजून यामलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळते, जरी १.२ आवृत्ती २००९ मध्येच आली. त्या नियमांत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले २२:३० हे साठच्या पटीतले आकडे समजून (२२ × ६० + ३०) १३५० असे वाचले जाते, तर ०९:३० शून्याने सुरू होत असल्याने मजकूर म्हणून जसेच्या तसे राहते. म्हणजे सकाळची गाडी बरोबर साडेनऊला आणि रात्रीची १३५० वाजता! माझी एक अख्खी संध्याकाळ चूक कोडमध्ये शोधण्यात गेली. अवतरणचिन्हे घातली की प्रश्न मिटतो, पण ती घालायची आठवण कारकुनाने ठेवायची, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

आयएनआय जुन्या विंडोजमुळे ओळखीचे आहे, परंतु त्याचे एकच असे प्रमाण नाही. आयएनआय वाचणाऱ्या पायथनच्या कॉन्फिगपार्सरमध्ये प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच हाती येते, आणि विंडोजवर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, स्पष्ट सांगितले नाही तर ‘पायरी’, ‘रायवळ’ ही देवनागरी नावे बिघडू शकतात. पाच-सहा साध्या सेटिंगपुरते ते चालेल.

माझा कौल टॉमलला आहे. ते २०१३ मध्ये सुरू झाले, १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली आणि पायथन ३.११ पासून ते वाचण्याची सोय भाषेतच आहे. त्यात टीप लिहिता येते, देवनागरीही नीट साठवणारे यूटीएफ-८ हे एन्कोडिंग बंधनकारक आहे आणि २२:३०:०० ही वेळ म्हणूनच पोहोचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवा दर लिहिला गेला तर टॉमल चूक दाखवून थांबते, जिथे जेसन वाचणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या शेवटची ओळ गुपचूप स्वीकारतात. उणिवाही आहेत: सेटिंगचे नाव देवनागरीत ठेवायचे तर ते अवतरणचिन्हांत लिहावे लागते, खोलवर गुंफलेली रचना त्यात किचकट होते, आणि पायथनची अंगभूत सोय फक्त वाचते, लिहीत नाही.

पासवर्ड यांपैकी कोणत्याही फाइलमध्ये ठेवू नये. त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे फाइलबाहेर ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामला मिळणारे मूल्य, आहे. दलाली ७ लिहायची की ०.०७ हे मात्र कोणतेच स्वरूप ओळखत नाही, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच आकड्याची मर्यादा तपासावी आणि चूक सापडल्यास सेटिंगचे नाव व लिहिलेला आकडा सांगणारा संदेश सरळ मराठीत दाखवावा.