पापणी फडफडते म्हणून 'नसेचा कोर्स' घेताय? आधी हे वाचा

पापणी फडफडायला लागली की माणूस घाबरतो, आणि या भीतीवर पैसे उकळणारे मोफत शिबिरांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत टपलेलेच असतात. फसवणुकीची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते, म्हणून ती क्रमानं सांगतो.

मंगल कार्यालयाचा हॉल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याला वायरनं जोडलेली धातूची दांडी. नाव, वय, उंची, वजन विचारून घेतात, दांडी मिनिटभर मुठीत धरायला लावतात आणि पानंच्या पानं भरलेला रिपोर्ट हातात देतात. 'मॅग्नेशियम कमी', 'रक्ताभिसरण मंद', 'नसेवर दाब' असं त्यात लिहिलेलं असतं. मग समोरचा आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, आत्ता दुर्लक्ष केलंत तर उद्या तोंडावरून वारं जाईल." बाईचा उजवा डोळा लवणं अशुभ, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतंच. तिथल्या तिथे तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात पडतो: गोळ्यांचा डबा, कपाळाला लावायचं तेल आणि डोळ्यात घालायचे थेंब. पावती मागितली तर साध्या कागदावर रक्कम लिहून मिळते.

दांडी मुठीत धरून मॅग्नेशियम मोजता येत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये तपासावं लागतं. 'नस दबली' हे तर कुठलंच हातात धरायचं यंत्र सांगू शकत नाही. तो संशय असेल तर मज्जाविकारतज्ज्ञ तपासतो आणि गरज वाटली तरच एमआरआय सांगतो.

आता लोकांना गुण येतो तो कसा? इथेच खरी मेख आहे. पापणीभोवतीच्या गोल स्नायूचे काही तंतू आपोआप आखडतात आणि सुटतात, तेव्हा बहुधा एकाच डोळ्याची, बऱ्याचदा खालची, पापणी बारीक थरथरते. आरशात जेमतेम दिसते, आपल्याला मात्र चांगलीच जाणवते. अपुरी झोप, ताण, जास्त चहा-कॉफी, स्क्रीनकडे टक लावून बसणं आणि डोळ्यांचा कोरडेपणा ही नेहमीची कारणं. हे फडफडणं बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप थांबतं. म्हणूनच विक्रेता बिनदिक्कत म्हणतो, "महिन्यात फरक नाही पडला तर पैसे परत." महिना उलटेपर्यंत बहुतेकांचा डोळा शांत झालेला असतो आणि श्रेय डब्याला जातं. ज्यांचा थांबत नाही त्यांना "तुमचं जुनं दुखणं आहे, दुसरा डबा घ्या" असं सांगतात.

नुसते पैसे गेले तर एक वेळ सोसता येईल, पण थेंबांचं तसं नाही. लेबल नसलेल्या किंवा 'शंभर टक्के आयुर्वेदिक' लिहिलेल्या बाटलीत स्टिरॉइड असू शकतं. स्टिरॉइडनं लाली आणि खाज लगेच उतरते, म्हणून औषध जालीम वाटतं. ते आठवडेच्या आठवडे घातलं तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, पण काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. कोणताही थेंब घेताना बाटलीवर घटक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. यातलं एक जरी नसेल तर तो डोळ्यात घालू नका. ब्यूटी पार्लरमध्ये 'फडफड थांबवायचं इंजेक्शन' देतात, तेही टाळा. त्यातलं बोटुलिनम टॉक्सिन (बोटॉक्स, स्नायू सैल करणारं) हे खरं औषध आहे, पण ते चुकीच्या जागी गेलं तर पापणी काही आठवडे खाली पडून राहते.

घरी करायचं ते बिनखर्चाचं आहे. सात-आठ तास झोप, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, दर 20 मिनिटांनी 20 सेकंद वीस फुटांपलीकडे पाहणं, कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं पाच-दहा मिनिटं शेक. डोळा कोरडा वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून साधे वंगणाचे थेंब. बी-12ची इंजेक्शनं रक्तात कमतरता दिसल्याशिवाय घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या मनानं घेणं धोक्याचं आहे.

दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. फडफडताना डोळा पूर्ण मिटत असेल, पापणी खाली लोंबत असेल, एकाचे दोन दिसत असतील, लाली, सूज किंवा घाण येत असेल तर तेवढेही थांबू नका. फडफड पापणीवरून त्याच बाजूच्या गालाकडे, ओठाच्या कोपऱ्याकडे उतरत असेल तर बहुधा रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला मुळाशी घासत असते. दोन्ही डोळे उजेडात जोरानं मिटत असतील तर तो वेगळा विकार. दोन्हींवर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन चालतं, साधारण दर तीन-चार महिन्यांनी घ्यावं लागतं. ते अनुभवी डॉक्टरांकडूनच घ्यावं. शिबिराच्या कोर्सपायी अशाच रुग्णांचे महिने वाया जातात.

तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात समजून लगेच 108ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हात आणि बोलणं ठीक असून नुसता चेहऱ्याचा लकवा निघाला, तरी त्याच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या.

मज्जासंस्थेचे आणि डोळ्यांचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करण्यावर 1954च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. फसला असाल तर बाटली टाकून देऊ नका. लेबलचा फोटो, कागदाची पावती आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. ते थेंब काही आठवडे घातले असतील तर उरलेली बाटली घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. तो साधारण 10 ते 21 मिलिमीटर (पाऱ्याच्या) दरम्यान असायला हवा.