कोकण रेल्वेने गावी जाताय? पावसाळा, तिकीट आणि क्रॉसिंगचा हिशेब

कोकण रेल्वेबद्दलच्या दोन तक्रारी कायम कानावर येतात: पावसाळ्यात गाडी रेंगाळते आणि तिकीट महाग पडतं. दोन्हींचं मूळ एकच आहे, मार्गाची आखणी. चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणं मोठ्या त्रिज्येची हवीत, असं सुरुवातीलाच ठरलं. सह्याद्रीच्या पायथ्याने असा जवळपास सपाट रूळ टाकायचा, तर डोंगरातून आरपार जाण्यावाचून पर्याय नव्हता. म्हणूनच रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किमीमध्ये नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्यातला उक्षी ते भोके दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किमीचा. ताशी ८० च्या वेगानेही गाडी आत जवळजवळ पाच मिनिटं असते.

बोगद्यापेक्षा धोका कटिंगचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभा डोंगर कापून केलेल्या खाचेचा. वर जांभा, खाली भुसभुशीत माती. पाणी मुरलं की मातीचा थर सुटतो आणि वरचे दगड घेऊन खाली येतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ अशाच दरडीमुळे हॉलिडे स्पेशल रुळावरून घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतार कमी करणं, दगड अडवायला जाळ्या बसवणं, गस्त वाढवणं ही कामं झाली. आज पावसाळ्यात रात्रभर गस्त चालते. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती इथल्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, तर काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा वाशिष्ठीचं पाणी वाढताच गाड्या थांबवल्या, हे योग्यच झालं.

त्यामुळे पावसाळी वेळापत्रकावर आमची तक्रार नाही. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. जोरदार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर लोको पायलटने वेग ताशी ४० पर्यंत उतरवायचा असतो. गाडी सुटायची वेळही बदलते आणि वंदे भारतचे दिवस कमी होतात. तेव्हा मे महिन्यातली वेळ लक्षात ठेवून स्टेशन गाठू नका.

भाड्याचं मात्र पटत नाही. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. मधू दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे, असा योग जुळला म्हणून २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. डोंगरातून असा मार्ग काढायला लागलेला पैसा मोठ्या प्रमाणात रोख्यांतून उभा केलेला. तो वसूल व्हावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात: १०० किमी गेलात तर १४० चे पैसे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचं साधं अंतर, पुढे वाढीव. ज्यांच्या जमिनी या मार्गात गेल्या, त्यांच्याच पोरांनी गावी जाताना इतक्या वर्षांनंतरही हा भार का उचलायचा?

दुसरी खरी उणीव म्हणजे एकेरी मार्ग. रोहा ते वीर दुहेरी झाला, पुढे बहुतेक ठिकाणी क्रॉसिंग, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत स्टेशनात थांबणं, आलंच. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं झाल्याने समोरच्या गाडीसाठीचा खोळंबा थोडा घटला. पण पॅसेंजरला बाजूला घेऊन केरळच्या एक्सप्रेस पुढे काढतात, ते टळलेलं नाही. दिवा–सावंतवाडीने जाणाऱ्याने पाणी आणि डबा सोबत ठेवावाच.

आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीकरांनी आधी तुतारी एक्सप्रेस बघावी. ती दादरहून सुटून सावंतवाडीलाच संपते, त्यामुळे जागा लांबच्या प्रवाशांत वाटल्या जात नाहीत. वेटिंगवर पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्याची प्रतीक्षायादी) लिहून आलं तर फार आशा धरू नका, ते जीएनडब्ल्यूएलच्या (सर्वसाधारण प्रतीक्षायादीच्या) मानाने क्वचित पुढे सरकतं. दिवसा जायचं असेल तर मांडवी एक्सप्रेस घ्या. रत्नागिरी सुटली की निवसरच्या आधी ६४ मीटर उंचीचा पानवल पूल लागतो.

स्टेशनच्या नावात ‘रोड’ असेल तर पुढच्या वाहनाची सोय आधी करा. राजापूर रोड आणि सावंतवाडी रोड शहराबाहेर आहेत, आणि रात्रीच्या गाडीला एसटी मिळेलच असं नाही. मालवणला जायचं तर कुडाळ किंवा कणकवली, गुहागरला चिपळूण.

आणि गोव्यातला पेडण्याचा बोगदा. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैमध्ये आत पाणी आणि चिखल आला. असं झालं की लांबच्या गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवतात, म्हणजे त्या रत्नागिरी-कुडाळला येतच नाहीत. अशा वेळी ऑनलाइन तिकीट नेहमीसारखं रद्द करू नका, गाडी वळवल्याचं कारण देऊन टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा. पैसे कापले जात नाहीत.