दात पांढरे करायचेत: स्केलिंग, ब्लीचिंग, पट्ट्या की व्हिनिअर?

लग्नाची तारीख ठरली की हॉल, केटरर, पार्लर यांच्या यादीत हल्ली 'दात व्हाइट करून घेणे' हेही असतं. मग शोधाशोध सुरू होते आणि पाच-सहा पर्याय एकदम अंगावर येतात. प्रत्येकाचा दर वेगळा, दावा मात्र एकच. या पर्यायांत डावं-उजवं नक्की करता येतं, पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: तुमचा डाग दातावर आहे की दाताच्या आत? लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. वयानुसार इनॅमल झिजत जातं, तसा आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. सुळे तर ऐन तारुण्यातही समोरच्या दातांपेक्षा पिवळेच असतात, त्यात बिघडलेलं काही नसतं. चहा, कॉफी, पान, सिगारेट, मिश्री यांचे डाग सुरुवातीला वरवर बसतात. हिरड्यांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवला, तर त्यानेही तपकिरी थर चढतो.

आतले डाग वेगळे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात घडत असतानाच्या वयात ते पाणी पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे कायमचे राहतात. आपल्याकडच्या मानकानुसार लीटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलेल्यांचे दात करडे-तपकिरी दिसतात. आणि मार लागून आतली नस मेली की तो एकटा दात काळवंडतो.

आधी स्केलिंग, मग बाकीचं

डाग वरचे असतील तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग म्हणजे डेंटिस्टकडे दात साफ करून घेणं. अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक कंप पावत पाणी मारतं आणि कीटण सुटतं. चूळ थुंकताना बेसिनमध्ये काळपट कपचे पडलेले दिसतात, तेव्हा आपण तोंडात काय साठवलं होतं ते कळतं. वर पॉलिशिंग करून घेतलं की बऱ्याच जणांना वाटतं, 'अरे, एवढंच हवं होतं.'

स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, हा समज काही केल्या जात नाही. फट आधीच असते. ती कीटणाने बुजलेली असते, एवढंच. व्यवस्थित केलेल्या स्केलिंगने इनॅमल खरवडलं जात नाही. पण दाताचा मूळ रंगही यातून बदलत नाही. दात स्वच्छ होतात, गोरे होत नाहीत. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई सेंट्रलला नायरच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. रांग लागते, पण खासगी दवाखान्यापेक्षा पैसे कमी पडतात.

खुर्चीत एका बैठकीत, की घरी ट्रे लावून?

स्केलिंगनंतरही रंग खुपत असेल तर ब्लीचिंग, म्हणजे पेरॉक्साइडच्या जेलने दाताचा रंगच उजळवणं. खरी निवड इथेच आहे.

दवाखान्यातल्या ब्लीचिंगमध्ये २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची जेल वापरतात. ती जोरदार असल्यामुळे आधी हिरड्यांवर संरक्षक लेप लावून तो प्रकाशाने घट्ट करतात, मग जेल, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून पुन्हा जेल. तास-दीड तासात काम उरकतं. निळा दिवा तोंडासमोर लावला की फार आधुनिक वाटतं, पण काम जेल करते; दिव्यामुळे टिकणारा असा फारसा फायदा होत नाही. दिव्यासाठी वेगळे पैसे सांगितले तर खुशाल नाही म्हणा. आणखी एक: उठल्या उठल्या आरशात दिसणारा पांढराशुभ्र रंग थोडा फसवा असतो. इतका वेळ तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. काही दिवसांत खरा रंग समोर येतो.

ट्रेची पद्धत अमेरिकेत १९८९ साली हेवूड आणि हेमन यांनी मांडली. डेंटिस्ट तुमच्या दातांचं माप घेतात. ती गार, चिकट लगदी तोंडात धरताना मिनिटभर मळमळतं. त्या मापावरून पातळ प्लास्टिकचा ट्रे करून हिरडीच्या कडेने कापतात. रोज रात्री समोरच्या प्रत्येक दाताच्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढी जेल टाकायची, ट्रे चढवायचा, बाहेर आलेली जेल बोटाने पुसायची आणि झोपायचं. जेल असते साधारण १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची. १० टक्के कार्बामाइडमधून सुमारे ३.५ टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणजे खुर्चीतल्या जेलच्या मानाने फारच सौम्य. दोन आठवडे लागतात.

शेवटी मिळणारा रंग दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक वेळेचा आणि त्रासाचा. दात आंबल्यासारखे होणं, गार पाण्याने कळ जाणं हे दोन्हीत होऊ शकतं आणि बहुधा काही दिवसांत जातं, पण ट्रेमध्ये लगाम तुमच्या हातात असतो. फार शिवशिवलं तर एक रात्र सुट्टी द्यायची. खुर्चीत जे व्हायचं ते एकदम होतं. शिवाय ट्रे तुमचाच राहतो. वर्षाने रंग उतरला की फक्त जेलची सिरिंज घ्यायची. माझं मत विचाराल तर हातात महिनाभर असेल तर ट्रेच. लग्न दहा दिवसांवर आलंय आणि दात आधीपासून हळवे नाहीत, अशा वेळी खुर्चीतला पर्याय ठीक. हळवे असतील तर स्केलिंग-पॉलिशिंगवर थांबा. ऐन हळदीच्या दिवशी गार पाणी पिता येत नाही, ही कसली हौस!

दोन्हीसाठी पथ्यं सारखीच. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, उघडी पडलेली मुळं असतील तर आधी त्यांचे उपचार. गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना नको. अठराच्या आतल्या मुलांना नको. कॅप आणि दातात भरलेलं सिमेंट यांचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे समोरच्या दाताला कॅप असेल तर ती एकटीच पिवळी उरेल. नवी कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे थांबून नव्या रंगाला जुळणारी कॅप.

दुकानातलं आणि ऑनलाइन

व्हाइटनिंग पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती वरचे डाग थोडे काढते, आतला रंग बदलत नाही. काही पेस्टमधलं निळं द्रव्य आणि सध्या रीलमध्ये दिसणारं जांभळं सीरम पिवळेपणा नजरेला झाकतं. काही वेळाने धुऊन जातं. फोटोपुरतं चालेल. दातांवर चिकटवायच्या व्हाइटनिंग पट्ट्यांत पेरॉक्साइड असेल तर परिणाम होतो, पण एकावर एक चढलेल्या दातांच्या खाचांत पट्टी पोचत नाही आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी उजळतो. पाकिटावर पेरॉक्साइडचं प्रमाण छापलेलंच नसेल तर ते ठेवून द्या. युरोपीय संघात थेट ग्राहकाला विकायच्या वस्तूंत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड चालत नाही. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं डेंटिस्टमार्फतच. आपणही तेवढीच सावधगिरी बाळगायला हरकत नाही. मॉलमधल्या किंवा पार्लरमधल्या 'व्हाइटनिंग'ला बसण्याआधी जेल लावणारी व्यक्ती नोंदणीकृत डेंटिस्ट आहे का, ते विचारा.

लिंबू आणि खाण्याचा सोडा हा उपाय तर तुलनेत घ्यायच्याही लायकीचा नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. इनॅमल विरघळायला ५.५ च्या खाली गेलं तरी पुरतं. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही आणि खालचं डेंटिन दिसू लागलं की दात आधीपेक्षा पिवळे. कोळशाची फॅशनेबल पेस्ट म्हणजे आजीची राखुंडीच, फक्त महाग डबीत. दोन्हींनी दात घासले जातात, पण दातही झिजतात. मिश्री तर भाजलेली तंबाखू आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी घराघरांत 'दात साफ होतात' म्हणून ती लावली जाते. तिने दात काळे पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते.

ब्लीच जिथे हरतं

फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडने पडलेले, तपकिरी पट्टे मायक्रोअ‍ॅब्रेजनने, म्हणजे सौम्य आम्ल आणि पूड यांनी वरचा अगदी पातळ थर काढून, पुष्कळदा फिके होतात. मार लागून काळा पडलेल्या दाताला रूट कॅनाल करून आतून ब्लीच करता येतं. टेट्रासायक्लिनच्या दातांना ट्रेचा उपचार कित्येक महिने करावा लागतो. इतकं करूनही भागलं नाही तरच व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा दाताच्या रंगाचा पातळ पापुद्रा. त्यासाठी बहुधा इनॅमल थोडं घासावं लागतं, ते परत मिळत नाही, आणि काही वर्षांनी व्हिनिअर बदलावं लागतं. निरोगी, जरासे पिवळसर दात असलेल्या पंचविशीतल्या कुणाला कोणी थेट व्हिनिअर सुचवलं, तर दुसऱ्या डेंटिस्टचं मत घ्या.

टिकवायचं कसं

ब्लीचनंतर दोन दिवस चहा, कॉफी, हळदीची आमटी, सोलकढी, बीट यांना सुट्टी. पुढे चहा सोडायची गरज नाही, प्यायल्यावर खळखळून चूळ भरा. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंकनंतर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. ब्रश मऊ घ्या. सिगारेट किंवा तंबाखू चालूच राहणार असेल तर ब्लीचिंगचे पैसे वाचवलेले बरे. सहा महिने ते वर्षात एकदा स्केलिंग आणि गरजेप्रमाणे दोन-तीन रात्री ट्रे.

सुरुवातीला शेडगाइडची, म्हणजे दातांच्या रंगछटा दाखवणारी, पट्टी दाताशेजारी धरून, खिडकीजवळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून फोटो काढून ठेवायला सांगा. नंतर 'फरक पडला की नाही' यावर वाद होत नाही. उरलेली सिरिंज सहसा फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, फ्रीझरमध्ये नव्हे. पुढच्या वेळी वापरण्याआधी तिच्यावरची मुदत बघा.