तिसरा दिवा: स्लेव्ह स्ट्रोब घ्यावा की टॉर्च?

पाण्याखाली फोटो काढताना हाउसिंगला (कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या पेटीला) दोन हात, दोन हातांना दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्यातले फ्लॅश, इथवर बहुतेक जण दोन-तीन सीझनमध्ये पोचतात. फोटो बरे यायला लागतात आणि त्याच सुमाराला कंटाळवाणेही वाटायला लागतात. प्रत्येक मासा समोरून सारखाच उजळलेला, जणू पासपोर्टसाठी बसवलाय. मग डोक्यात किडा वळवळतो: एखादा दिवा कॅमेऱ्यापासून सोडवून माशाच्या मागे ठेवला तर? कपारीत सरकवला तर? बुडालेल्या जहाजाच्या खोलीत पेटवला तर?

तो दिवा म्हणून लोकांपुढे दोनच पर्याय येतात. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपोआप उडणारा स्लेव्ह स्ट्रोब, नाहीतर सतत जळणारा व्हिडिओ टॉर्च. माझ्याकडे आज दोन्ही आहेत, पण घेताना क्रम चुकला. तुमचा चुकू नये म्हणून हा खटाटोप.

कल्पना मात्र अजिबात नवी नाही. १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्सला लुई बूताँ यांनी पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा त्यांचा फ्लॅश म्हणजे पिंपावर काचेच्या हंडीत जळणारा स्पिरिटचा दिवा आणि त्यात रबरी फुग्यानं फुंकलेली मॅग्नेशियमची पूड. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवर विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले, त्यांनी तर मॅग्नेशियमची दारू वर तराफ्यावर उडवली आणि कॅमेरा खाली ठेवला. म्हणजे दिवा सुरुवातीला सुटाच होता. कॅमेऱ्याच्या दंडाला तो नंतर बांधला गेला, तो सोयीसाठी.

उडतो कसा, हे आधी

जमिनीवर लग्नाचे फोटो काढणारे कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर लावतात आणि फ्लॅश खांबावर. पाण्यात ते विसरा. त्या ट्रिगरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरवरच मरतात. त्यामुळे उरतात दोन वाटा. एक, कॅमेऱ्यावरच्या स्ट्रोबचा उजेड लांबच्या स्ट्रोबच्या सेन्सरनं बघायचा. दोन, लांबलचक फायबर केबल ओढायची.

फायबर मी एकदाच वापरून पाहिली. दीड-दोन मीटरची गुंडाळीची केबल, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, आणि मधे सी-फॅन, पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ. सोडवायला गेलेला वेळ लॉगबुकात लिहावा असा होता. मॅक्रोसाठी, म्हणजे चिमुकल्या जीवांच्या जवळून काढलेल्या फोटोंसाठी, दिवा हातभर अंतरावर असेल तर फायबर खात्रीची. त्यापुढे सेन्सरच.

सेन्सरची खोड अशी की त्याला उजेड दिसला पाहिजे. तुमचा स्ट्रोब विषयाच्या मागून कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवला असेल आणि सेन्सर पुढच्या बाजूला असेल तर काम चोख होतं, कारण तो सरळ तुमच्या फ्लॅशकडेच बघत असतो. पण तोच स्ट्रोब पाठ फिरवून भिंतीवर मारायचा म्हटलं की सेन्सर आंधळा. म्हणून घेताना सेन्सर नेमका कुठल्या अंगाला आहे ते फिरवून फिरवून बघा. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, नंतर बघितला तरी चालेल. वेगळा सेन्सर मिळतो, तो छोट्या फायबरच्या तुकड्यानं स्ट्रोबला जोडून हवा तिकडे वळवता येतो. जहाजाच्या आत काम करायचं असेल तर तो चैनीचा खर्च नाही, गरजेचा आहे.

दुसरी खोड भर उन्हातली. पाच मीटर पाणी, डोक्यावर दुपार, तळाला पांढरी वाळू: सेन्सरला तुमचा फ्लॅश आणि लाटांवरून नाचणारा कवडसा यातला फरक कळेनासा होतो. सेन्सरला हाताची सावली केली की थोडं जमतं.

तिसरी खोड माझ्या अंगाशी आली. पहिल्याच डाइव्हला मी कॅमेरा टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानंच ठरवायच्या सोयीवर, ठेवला होता. टीटीएलमध्ये मुख्य फ्लॅशच्या आधी कॅमेरा एक बारीक चाचणीचा फ्लॅश मारतो. माझ्या इमानी स्लेव्हनं तोच खरा समजून दर वेळी आपला बार उडवून टाकला. खाली डोळ्यांना सगळं छान लखलखताना दिसत होतं, बडी अंगठा-तर्जनी जुळवून ओके देत होता, आणि वर आल्यावर चाळीसेक फोटोंत मागचा दिवा एकदाही नाही. उपाय साधा: सगळं मॅन्युअलवर. काही स्ट्रोबना तो पहिला फ्लॅश सोडून देण्याची सोय असते, पण मॅन्युअलची सवय असलेली बरी.

आणि गर्दीच्या जागी तुमचा स्लेव्ह सगळ्यांचाच नोकर होतो. बालीच्या तुलाम्बेनला यूएसएटी लिबर्टी हे जहाज आहे. १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून किनाऱ्याला ओढलं गेलं, १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं, आणि आता किनाऱ्यावरून पोहत जाता येईल इतकं जवळ पडलंय. साहजिकच सकाळी तिथे जत्रा असते. मी खोलीत दिवा लावून बाहेर फ्रेम जुळवतोय आणि आत तो आपला फटाफट उडतोय, शेजारच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी फ्लॅशवर. बॅटरी माझी, फोटो त्यांचे.

टॉर्चची बाजू

टॉर्चला यातली एकही कटकट नाही. पेटवला की पेटला. सेन्सर नाही, चाचणीचा फ्लॅश नाही, आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे काय उजळतंय ते बटण दाबायच्या आधी दिसतं. बडीलाही दिसतं, म्हणून तो स्वतःच सुधारतो. स्ट्रोबच्या बाबतीत बडी बिचारा अंदाजानं धरून बसलेला असतो. त्याला तुमच्या स्क्रीनवर काय आलं ते माहीतच नसतं.

मग अडतं कुठे? ताकदीला. ३००० लुमेनचा रुंद किरणाचा टॉर्च घ्या. पाणी काहीच खात नाही असं धरून हिशेब केला तरी मीटरभरावरून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ला १/१२५ सेकंदाचं शटर आणि एफ/४ चं छिद्र (एफचा आकडा वाढला की छिद्र बारीक, उजेड कमी, पण जास्त खोलवर स्पष्ट) एवढंच हाती लागतं. पाणी तर खातंच, आणि आधी लाल खातं: दहा मीटर खोलीवर वरून आलेला लाल रंग जवळपास संपलेला असतो, आणि टॉर्चचा उजेडही विषयापर्यंत जाऊन लेन्सपर्यंत यायला तेच पाणी तुडवतो. फ्रेममध्ये सूर्य घ्यायचा असेल तर एफ/११, एफ/१६ लागतं. तिथे टॉर्च म्हणजे दुपारी लावलेली समई. स्ट्रोब मात्र तेवढीच ऊर्जा निमिषात ओततो, त्यामुळे शटर सिंकच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळण्याच्या, मर्यादेत ठेवून, बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांना १/२०० किंवा १/२५० पर्यंत, पाणी हवं तितकं गडद निळं करता येतं आणि विषय तरी उजळलेला राहतो. हलता मासा गोठतो तोही स्ट्रोबमुळेच. टॉर्चवर १/१२५ नं काढलेली शेपटी पुसट येणारच.

अंधाऱ्या जागी मात्र गणित उलटतं. जहाजाच्या पोटात, गुहेत, रात्रीच्या डाइव्हला स्पर्धेला सूर्यच नाही. तिथे टॉर्च पुरतो, आणि किरण पाण्यात दिसतो तोही टॉर्चचा छान दिसतो. तांबड्या समुद्रातल्या थिसलगॉर्म या १९४१ मध्ये बुडालेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजात ट्रक आणि मोटरसायकली जागच्या जागी आहेत. तिथल्या कितीतरी फोटोंत समोरून काहीच उजेड नसतो, हँडलच्या मागून एक दिवा आणि बस. विषय हलत नाही, तुम्ही स्थिर राहू शकता, आयएसओ वाढवा. अशा जागी मी स्ट्रोब पिशवीतून काढतही नाही.

तुमचं पाणी कुठलं?

खरा फैसला इथे होतो. मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी: आपलं घरचं पाणी हे. चांगल्या दिवशी नेत्राणी सुखावतं, पण गोव्याला तीन-चार मीटर दिसलं तरी बोटीवर लोक खूश असतात. अशा पाण्यात समोरून फ्लॅश मारला की तरंगणारा प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत भुरभुर बर्फ पडतो. दिवा बाजूला किंवा मागे नेला की हा बर्फ कमी होतो, असं सगळे सांगतात. बाजूला नेला तर खरंच होतो. थेट मागे नेऊन लेन्सकडे तोंड केलंत तर मात्र कण जास्तच पेटतात, धुक्यात समोरून आलेल्या ट्रकच्या हेडलाइटसारखे. दिवा विषयाच्या आड पूर्ण लपला पाहिजे, नुसती कड उजळली पाहिजे.

गढूळ पाण्यात म्हणून एकच गोष्ट जमते: जवळची. तीन सेंटिमीटरचा नुडिब्रँक (शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय), एफ/२२, समोरचे दोन्ही स्ट्रोब अगदी कमी, फक्त स्लेव्ह जागा करण्यापुरते, आणि मागून वीतभर अंतरावर स्नूट (किरण अरुंद करणारी नळी) लावलेला छोटा स्ट्रोब. पाणी काळं होतं. पाठीवरचा कल्ल्यांचा झुबका आतून पेटल्यासारखा दिसतो, त्यातली एकेक शिरा मोजता येते, आणि डोक्यावरची दोन शिंगं काचेची होतात. हेच टॉर्चनं करून बघितलंय. एफ/२२ ला उजेड पुरत नाही, एफ/८ ला शिंगं आली तर कल्ले पुसट. मॅक्रोत स्ट्रोबला तोड नाही. या कामाला मोठा स्ट्रोबही नको. इनॉनचा एस-२००० किंवा बॅकस्कॅटर कंपनीचा मिनी फ्लॅश, मुठीत मावणारे, पुरून उरतात.

वाइड अँगलला, म्हणजे मोठ्या दृश्याच्या फोटोंना, अंदमान लागतं, नाहीतर परदेश. स्वराज द्वीपला, म्हणजे आपल्या हॅवलॉकला, निवळ पाण्यात माझा स्लेव्ह पाच मीटरवरून बिनचूक उडाला. गोव्यात तोच दोन मीटरपुढे रुसला होता. यंत्र तेच, बॅटऱ्या त्याच, फक्त पाणी वेगळं.

धरणार कोण?

याचा विचार दुकानात कुणी करत नाही. छोटा ट्रायपॉड वाळूवर ठीक आहे, लोखंडी पत्र्यावर ठीक आहे. प्रवाळावर नाही, कधीच नाही. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या एका फोटोसाठी मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं जातात. शिवाय स्ट्रोब पाण्यात किती जड पडतो ते आधी बादलीत बघून घ्या. माझा एकदा सावकाश, अगदी शालीनपणे कलंडला आणि उताराकडे निघाला.

बडीनं धरायचा तर तो बडी हवा, गिऱ्हाइकं सांभाळणारा डाइव्हमास्टर नव्हे. चार लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हातात दिवा देऊन ‘जरा डावीकडे’ करत बसणं बरं नाही. दोघंही फोटोत गुंतले की टाकीतली हवा दाखवणारा गेज कुणीच बघत नाही. आमच्यात ठरलेलं आहे: टाकीत १०० बार दाब उरला की गेज एकमेकांना दाखवायचा, मग फ्रेम कितीही जुळलेली असो. तळहात उभा म्हणजे दिवा वर, मूठ म्हणजे थांब, आणि बोट दाबल्याची खूण झाली की त्यानं श्वास सोडायचा नाही, असं नाही (श्वास कधीच रोखायचा नसतो), फक्त तोंड बाजूला वळवायचं. नाहीतर मागच्या दिव्यात त्याचे बुडबुडे विषयापेक्षा झकास येतात.

नवखा बडी असेल तर टॉर्चच द्या. त्याला दिसतं, तो रमतो, आणि हरवला तर सापडतो.

तर माझा हिशेब असा. घरच्या पाण्यात डाइव्ह करता, मॅक्रो आवडतं: छोटा स्लेव्ह स्ट्रोब आणि स्नूट, टॉर्च नंतर. वर्षातून एखादी अंदमान किंवा बालीची ट्रिप, बडी दर वेळी नवा, जहाजांची आवड: टॉर्च, आणि मन लावून आयएसओ वाढवायला शिका. निवळ पाणी, सूर्य फ्रेममध्ये आणि ठरलेला जोडीदार असं तिन्ही जुळत असेल तरच वाइडसाठी मोठा स्लेव्ह आणि वेगळा सेन्सर. मी उलटं केलं. आधी मोठा स्ट्रोब घेतला, दोन वर्षं तो गोव्याच्या पाण्यात मीठ खात बसला, आणि एका डाइव्हला ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) माझाच एक केस राहिला म्हणून आत पाणी शिरून मेला.

ऑर्डर द्यायच्या आधी बॅटरी कुठली लागते तेवढं बघा. चार एए सेलवर चालणारा असेल तर सेल कुठेही मिळतात. १८६५० या मापाचे लिथियम सेल असतील तर सुटे सेल विमानात हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इनमध्ये नाही. टॉर्चमधला सेल काढूनच ठेवा. बॅगेत बटण दाबलं जाऊन पेटला तर गार करायला पाणी नसतं, आणि कपड्यांच्या घडीत तो चांगलाच तापतो.