नवा फ्लो सायटोमीटर: सगळे ऋतू पाहून झाल्यावर

आमच्या विद्यापीठाच्या सामायिक प्रयोगशाळेतला दोन लेझरांचा, चार रंगांचा जुना सायटोमीटर गेला आणि तीन लेझरांचा नवा आला. पेशींना चमकणारे रंग लावून त्या एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं हे यंत्र. उन्हाळा, पावसाळा, कापसाचा हंगाम सगळं त्याने पाहिलं. लेझर, रंग, वेग माहितीपत्रकात आहेतच. मला लिहायचंय ते मागच्या हवेच्या फिल्टरबद्दल.

फिल्टर म्हणजे फोमचा एक साधा तुकडा. पण आमच्या आवाराजवळ जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, आहे. दिवाळीनंतर गाड्या लागल्या की फेब्रुवारी-मार्चपर्यंत हवेत रुईचे तंतू असतात. खिडक्या बंद ठेवा, दाराला पडदा लावा, ते आत येतातच. पंखा हवा ओढतो, तंतू फोमवर बसतात आणि आतली गरमी बाहेर निघत नाही. ऐन हंगामात एका दुपारी मशीनने तापमानाचा इशारा देऊन लेझर बंद केले. आमचा अटेंडंट म्हणाला, "मॅडम, मांगून लय गरम लागून रायली मशीन." आत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचे नमुने चालू होते. रक्त शिळं झालं की पेशी मरतात, आकडे बिघडतात. गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेल्या माणसाला "उद्या परत या" म्हणणं मला जमत नाही.

इंजिनिअर फोनवर बोर्ड बदलायचं सांगत होते. मुंबईहून आले, मागचं झाकण काढलं, तर फोमवर रुईचा जाड थर. मग सूर बदलला: हा तुमच्या जागेचा दोष, वॉरंटीत बसत नाही, फिल्टर दर महिन्याला धुवायचा असतो. धुवायचा, मान्य. पण तो काढायचा कसा? मशीन भिंतीला टेकून, मागून शीथ (पेशी वाहून नेणारा द्रव) आणि वेस्टच्या (वापरून झालेल्या द्रवाच्या) नळ्या. दोघांनी मिळून सरकवायचं, नळ्या सांभाळायच्या, जागेवर आणलं की पुन्हा बीड्स (ठराविक चमक असलेले तपासणीचे बारीक मणी) चालवून सगळं तपासायचं. फोमच्या एका तुकड्यासाठी अर्धा दिवस जातो! हाच फिल्टर समोर दिला असता तर अटेंडंटने चहाआधी धुऊन वाळत घातला असता. मशीन भिंतीला लावून बसवलं तेव्हाच्या अहवालावर कंपनीच्याच माणसाची सही होती. तो अहवाल जोडून पत्र पाठवलं, तेव्हा कुठे भेटीचं बिल माफ झालं. लाखोंच्या यंत्रावर एवढा वाद फोमसाठी घालावा लागतो, याचा मला अजून राग येतो.

आता दुसरी बाजू. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर घ्यायला माझा विरोध होता. त्यावर चालणारी एकही अँटिबॉडी (पेशीवरची खूण ओळखून तिला रंग चिकटवणारं प्रथिन) तेव्हा फ्रीजमध्ये नव्हती आणि तेवढ्या पैशात वर्षभराचे रिएजंट आले असते. आज तो लेझर काढा म्हटलं तर मी भांडेन. लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कामात मेलेल्या पेशी ओळखायचा रंग आम्ही जांभळ्यावर नेला, त्यामुळे ४८८ च्या निळ्या लेझरवरच्या फिटसी आणि पीई या दोन्ही रंगांच्या जागा कामाच्या अँटिबॉडींना मोकळ्या झाल्या. कॉम्पेन्सेशनची, म्हणजे एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या मोजणीत मिसळतो तो वजा करण्याची, डोकेदुखीही कमी झाली. सिकलसेलवरचं औषध हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या लाल पेशी किती वाढल्या, हे आता इथेच मोजता येतं.

उन्हाळ्याचं सांगते. या मशीनचे उजेड टिपणारे डिटेक्टर एपीडी प्रकारचे आहेत, तापमान वाढलं की त्यांचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, घसरतो. बाहेर ४५ अंश असताना खोली २२-२३ वर धरायला दोन एसी आलटून पालटून चालवले आणि रोज सकाळी बीड्स बघितल्याशिवाय नमुना लावला नाही. मे महिना नीट निघाला. वीज गेली तर लेझर आणि पंप नीट बंद करण्याइतका यूपीएस मात्र हवाच.

फाइल्स एफसीएस या सायटोमीटरांच्या सामायिक फाइल-प्रकारातच निघतात, त्यामुळे जुन्या मशीनचा डेटाही उघडतो. विद्यार्थी आर आणि बायोकंडक्टर या सॉफ्टवेअरवर फुकटात विश्लेषण करतात, महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आम्ही घेतलंच नाही.

टेबल आम्ही आता भिंतीपासून दीड हात पुढे ओढलंय आणि फोमचा जादा तुकडा कपाटात ठेवलाय. यवतमाळ, अमरावतीकडे कुणी घेणार असेल तर डेमोच्या दिवशी फिल्टर आपल्यासमोर काढून दाखवायला सांगा, आणि तो सीएमसीत (सुट्या भागांसकटच्या देखभाल करारात) धरलाय हे कराराच्या कागदावर वाचूनच सही करा.