बेणारेबाई की घाशीराम? पहिल्या विश्लेषणासाठी नाटक निवडताना

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. प्रकल्पासाठी एखादं अभिजात मराठी नाटक घ्यायचंय, पात्रं आणि आशयसूत्र यांवर लिहायचंय, तेंडुलकर घ्यायचे हे ठरलंय, पण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेऊ की ‘घाशीराम कोतवाल’? काहींच्या मनात शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ही असतं. त्यांना मी पहिल्या कामासाठी ते नको असं सांगतो. नाटक थोर आहे, पण आप्पासाहेबांची स्वगतं इतकी पाठ झालेली असतात की विद्यार्थी विश्लेषण सोडून उतारेच लिहीत सुटतो.

तेव्हा उरली दोन. लेखक एकच, मधे जेमतेम पाच वर्षं. ‘शांतता!’ रंगायन या नाट्यसंस्थेनं 1967 मध्ये रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 चा, पुण्यात भरत नाट्य मंदिरात. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली पीडीए. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. दोन्हींत एक समूह मिळून एका माणसाचा बळी देतो. एवढं साम्य असूनही वाचायची रीत मात्र दोन्हींची पार वेगळी, आणि निवड करताना तीच बघायची.

‘शांतता!’: एक खोली, आठ माणसं

मुंबईतली एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात आलेली. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला चालवायचाय. एक गडी कमी आहे, म्हणून गावातल्या सामंतला तयार करायचं, त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून लुटुपुटूचा एक खटला चालवायचा. आरोपी मंडळीतलीच शिक्षिका बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. पुढे तो लुटुपुटूचा खटला बेणारेच्या खऱ्या आयुष्यावरच घसरतो आणि विवाहित प्राध्यापक दामलेंपासून तिला दिवस गेलेत हे उघड्यावर येतं, हे नाटक न वाचलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतं.

विश्लेषण शिकणाऱ्याला इथं सगळं हाताशी मिळतं. सुरुवातीचीच दोन मिनिटं बघा. सामंत हॉल उघडतो, बेणारे मागोमाग आत येते ती बोट तोंडात धरून. दाराच्या कडीत चिमटलंय. सामंत सहज सांगतो, ही कडी अशीच आहे, नीट सरकत नाही, जरा बाहेर राहिली आणि दार ओढलं की माणूस आत अडकलाच. सामंतच्या हातात त्या वेळी पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट आहे. आता शेवटच्या अंकाकडे या. बेणारे निघायला उठते आणि दार उघडत नाही. अगदी शेवटी ती कोलमडून पडलेली असताना सामंत दबकत येतो आणि तोच पोपट तिच्याशेजारी ठेवतो. कडी आणि पोपट एवढ्या दोन वस्तूंवर चार पानं लिहिता येतात, आणि तीही पाल्हाळ न लावता, कारण दोन्ही वस्तू संहितेतच आहेत. अर्थ बाहेरून आणावा लागत नाही.

पात्रंही अशीच नेमकी. काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून कान कोरतात. समाजाची नीती राखायला निघालेला हा गृहस्थ बायकोला चारचौघांत गप्प करतो, आणि ती सौ. काशीकर सगळा राग बेणारेवर काढते. सुखात्मे हा न चालणारा वकील. काळा झगा अंगावर चढला की त्याचा आवाज बदलतो. खऱ्या कोर्टात जे कधी जमलं नाही ते इथं फुकटात जिंकायला मिळतंय. बाळू रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढलेला, पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणणारा. प्रत्येकाच्या अंगात एक अपयश दडलेलं आहे, आणि बेणारे हसत-खेळत त्यावर बोट ठेवत असते. पहिल्या अंकातल्या तिच्या नकला आणि टोमणे ज्याने नीट वाचले, त्याला दुसऱ्या अंकातला सूड कुठून आला हे विचारावं लागत नाही.

माझ्या मते या नाटकातली सगळ्यात हुशारीची जागा सामंतची साक्ष आहे, आणि विद्यार्थी नेमकी तिथूनच घाईनं पुढे जातात. सामंतला खोटी साक्ष द्यायची आहे. पण रचून सांगणं त्याला जमत नाही, म्हणून हातातल्या एका स्वस्त कादंबरीतले प्रसंग तो सांगत सुटतो: प्राध्यापक दामलेंची खोली, बंद दार, आतले आवाज. सगळं पुस्तकी. आणि बेणारेचा चेहरा उतरतो. म्हणजे सर्वांत निरागस माणूस सर्वांत खोलवरचा घाव घालतो, आणि आपण काय केलं याचा त्याला पत्ताही नाही. खेळ आणि खरं यांतली रेषा नेमकी कुठे पुसली गेली हे दाखवायचं असेल, तर या साक्षीची ओळ न् ओळ समोर ठेवा.

आता सापळा. बेणारेचं शेवटचं स्वगत. तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात, बाकीचे थिजतात आणि ती बोलू लागते. बहुतेक निबंध या स्वगतातून वाक्यं उचलतात आणि ‘स्त्रीवरचा अन्याय’ हे आशयसूत्र ठोकून मोकळे होतात. ते चूक नाही, पण तोकडं आहे. ते स्वगत तिथं कुणीही ऐकत नाही. ती ते खरंच उच्चारते का, याचंही उत्तर नाटक देत नाही. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो दामले रंगमंचावर येतच नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याचं फक्त नाव. या गोष्टी ज्याने लिहिल्या नाहीत त्याला मी निम्मेच गुण देईन.

‘घाशीराम’: इथं पात्र शोधू नका, भिंत बघा

कबुली देतो, मी पहिलं विश्लेषण ‘घाशीराम’वर लिहिलं आणि आपटलो. पेशवाई, नाना फडणवीस, सवाई माधवराव, 1791 साली पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेलेला खरा कोतवाल घाशीराम सावळदास अशी सहा पानं भरली. सरांनी खाली तांबड्या शाईत एवढंच लिहिलं: ‘हे चरित्र झालं. भिंत कुठाय?’

ती भिंत म्हणजे एका ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण. तेच गातात, तेच नाचतात, पाठ फिरवून मागचं झाकतात आणि वळून ते उघडं करतात. वाडा तेच, रस्ता तेच, जमावही तेच. नाटक सुरू होतं ते गणपतीच्या नमनानं, आणि थोड्याच वेळात सूत्रधार रात्री बाहेर पडलेल्या एकेकाला अडवून कुठे निघालात म्हणून विचारतो. तोंडात कीर्तनाचं नाव आणि पाय बावनखणीकडे, म्हणजे नायकिणींच्या वस्तीकडे. भजनाची चाल कधी लावणीत घसरते हे कानाला कळतं, डोळ्यांना कागदावर दिसत नाही. ‘घाशीराम’ निवडण्यातली खरी अडचण ही आहे. छापील संहिता वाचून तुमच्या हाती नाटकाचा अर्धाच भाग येतो.

घाशीराम कनोजहून आलेला गरीब ब्राह्मण. पुण्यात त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो, तुरुंग मिळतो. सूडासाठी तो पोटची पोर, गौरी, नानाच्या हाती देतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. मग छळ. निरपराधाला तापलेला लोखंडी गोळा हातात धरायला लावण्यापर्यंत. शेवटी गौरी मेल्याचं कळतं, कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात, जमाव चवताळतो आणि नाना शांतपणे त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो. यात घाशीरामचा स्वभाव विकसित कसा झाला असं विचारलंत तर उत्तर चार ओळींत संपतं. अपमानित माणूस क्रूर झाला, बस्स. नानाकडे जरा जास्त ऐवज आहे. कोतवाली देताना त्याचा हिशोब चोख असतो: पोरगी आपल्याला मिळते, पुण्यावर वचक बसतो, आणि पापं सगळी कोतवालाच्या खात्यावर जमा होतात. डॉ. मोहन आगाशे यांचा नाना अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे तो उगाच नाही.

पण प्रश्न बदलून बघा. घाशीरामला चोर ठरवून मारणारे कोण? भिंतीतले. त्याच्या भीतीनं थरथरणारे कोण? तेच. शेवटी त्याचं रक्त मागणारे? पुन्हा तेच. सत्ता आपला राक्षस स्वतः घडवते, कामापुरता वापरते आणि लोकांना उत्सव म्हणून त्याचा बळी देते, हे आशयसूत्र एकाही पात्राच्या तोंडी नाही. ते त्या ओळीच्या हालचालींत आहे. हे दिसलं की नाटक उलगडतं, आणि मग त्या उंचीचं दुसरं मराठी नाटक सांगताना मला थांबावं लागतं.

वादाचा भाग थोडक्यात. नानाच्या आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून गदारोळ झाला, 19 प्रयोगांनंतर पीडीएनं नाटक थांबवलं, बाहेर पडलेल्या मंडळींनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. 1980 च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद परत पेटला. काही समीक्षक हे नाटक साठ-सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या राजकारणाशीही जोडतात. एक परिच्छेद पुरे. याहून जास्त लिहाल तर तुमच्या सरांनाही तांबडी शाई काढावी लागेल.

मग घ्यायचं कोणतं?

हाताशी फक्त पुस्तक आणि तीन आठवडे असतील तर ‘शांतता!’. यावर दुमत असायचं कारण नाही. तीन अंक, एकच जागा, रंगसूचना भरपूर, आणि प्रत्येक विधानाला पान क्रमांकासह पुरावा देता येतो. सोबत सत्यदेव दुबे यांनी 1971 साली केलेला चित्रपट बघता आला तर उत्तमच. बेणारे तिथंही सुलभा देशपांडेच, आणि कॅमेरा गोविंद निहलानींचा. एकच अभिनेत्री, एकच भूमिका, दोन माध्यमं असा तुलनेचा विषय आयता मिळतो.

गाण्याचा कान असेल, तमाशा, दशावतार, खेळे यांपैकी काही लहानपणापासून बघितलं असेल आणि ‘घाशीराम’चा एखादा प्रयोग किंवा चित्रफीत पाहायची सोय असेल, तर ‘घाशीराम’ घ्या. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना तर मी आवर्जून सांगतो, कारण ओळीनं उभं राहून गाणारी, वळणारी माणसं त्यांनी देवळापुढे पाहिलेली असतात. 1976 चा चित्रपट बघून नाटकावर लिहायला मात्र जाऊ नका. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप यांनी मिळून केलेली ती स्वतंत्र कलाकृती आहे, नाटकाचं चित्रण नव्हे.

परदेशात वाढलेल्या आणि इंग्रजी भाषांतरावरच भागवणाऱ्या मराठी मुलांसाठी पुन्हा ‘शांतता!’च. प्रिया आडारकरांच्या भाषांतरात प्रसंगांचा ताण बराचसा पोचतो. ‘घाशीराम’मध्ये भजन-लावणीची सांधेजोड भाषांतरात निसटते, त्याला कुणाचाच इलाज नाही.

सादर करायचं असेल तर हिशोब वेगळा. ‘शांतता!’ला आठ नट आणि चार खुर्च्या पुरतात, पण बेणारे करणारी मुलगी सापडली नाही तर नाटक हातात घेऊच नये. ‘घाशीराम’ला एखादा नट डावा-उजवा असला तरी खपतं, पण एकसुरात गाणारी आणि पाय न चुकवणारी दहा-बारा पोरं लागतात, आणि कॉलेजात ती जमवणं सोपं नाही. गेल्या वर्षी एका गटानं ध्वनिमुद्रित गाणी वापरून बघितलं. भिंत ओठ हलवत उभी राहिली आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक मोबाइल काढून बसले.

निवड झाली की पहिलं वाचन पेन्सिल घेऊन करा. ‘शांतता!’ असेल तर तो हिरवा पोपट कुठे-कुठे, कुणाच्या हातात आहे ते समासात टिपा. ‘घाशीराम’ असेल तर भिंत प्रेक्षकांकडे पाठ करून केव्हा उभी राहते आणि त्या वेळी मागे काय चाललेलं असतं, तेवढंच. बाकीच्या खुणा दुसऱ्या वाचनात.