गेम्सकॉमच्या दारातून परत

आम्ही ड्युसेलडॉर्फला राहतो. कोलोन इथून रेल्वेनं अर्ध्या तासावर, आणि तिथं दर ऑगस्टमध्ये गेम्सकॉम हे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन भरतं. नोकरीसाठी जर्मनीत आल्यापासून नवऱ्याला तिथं जायचं होतं. मला गेममधलं फारसं कळत नाही, पण या वेळी वाढदिवसाला त्याला घेऊन जायचंच, असं मी ठरवलं. २०२५ चं गेम्सकॉम २० ते २४ ऑगस्टला होतं. आम्हाला शनिवारच जमणार होता आणि शनिवारची तिकिटं संपली होती. तिथं दारावर तिकीटविक्री नसते, जे काही ते ऑनलाइनच.

जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर जाहिरात दिसली. निळ्या चौकटीच्या टेबलक्लॉथवर ठेवलेल्या दोन तिकिटांचा फोटो, प्रत्येकी ६० युरो. "मित्र आजारी पडला, म्हणून विकतोय." मी खात्री मागितली, तर त्यानं लगेच ओळखपत्राचा फोटो पाठवला. तिथंच माझा विश्वास बसला. ते ओळखपत्र त्याचंच कशावरून, हा प्रश्न मला पडलाच नाही. मग म्हणाला, पैसे पेपल या ऑनलाइन सेवेवरून पाठवा, पण 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडा, नाहीतर मला फी बसते. मी पाठवले. पाच मिनिटांत पीडीएफ आली आणि मी निश्चिंत झाले.

शनिवारी सकाळी मेसे-डॉइट्स स्टेशनवर उतरलो. गर्दी म्हणजे केवढी! त्या वर्षी पाच दिवसांत ३,५७,००० लोक आले होते. नवऱ्यानं रांगेत बसायला घडीचं स्टूल घेतलं होतं, कुठल्या स्टॉलवर आधी जायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. आमचा नंबर आला. माझा कोड स्कॅन केला, लाल दिवा. त्याचा, लाल. यंत्राजवळची मुलगी शांतपणे म्हणाली, "ही तिकिटं सकाळीच वापरली गेली आहेत."

म्हणजे तिकिटं खरीच होती! एकच पीडीएफ त्यानं कितीजणांना विकली होती देव जाणे. जो आधी पोचला तो आत गेला. म्हणून सांगते, तिकीट अस्सल दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, अस्सल असूनही ते निकामी असू शकतं. आणि 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय अनोळखी माणसासाठी कधीही निवडू नका. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. मी दाद मागितली तेव्हा हेच उत्तर मिळालं. १२० युरो गेले.

नवरा मला एका शब्दानं बोलला नाही. बाहेर पायरीवर स्टूल मांडून मला बसवलं आणि पाणी आणायला गेला. कागद अजून त्याच्या हातातच होता.

संध्याकाळी घरून पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. जाहिरातीचा पत्ता जोडायला म्हणून ती साइट उघडली, तर दुसऱ्या नावाखाली रविवारची दोन तिकिटं विकायला होती. खाली तोच निळ्या चौकटीचा टेबलक्लॉथ.